संगणकाच्या सुट्या भागांची नावे

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने व्याख्यानमालेत बोनसवर बोलावे, करारावर बोलावे, संगणकाच्या वाटेला जाऊ नये, असे आमच्या काही स्नेह्यांचे मत पडले. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढले जे काही झाले ते फिटरखात्यात, वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. परंतु गेल्या काही वर्षांत असे झाले आहे, की कामगाराचा पगार जेथे ठरतो ती जागा टाइमकीपरच्या टेबलावरून उठून संगणकात जाऊन बसली आहे, आणि तिच्या मागोमाग आम्हांसही तेथे जावे लागले. तेथे जे पाहिले त्यातली एकच गोष्ट आज सांगावयाची आहे. पुन्हा पुन्हा वापरावयाच्या आज्ञावलीच्या तुकड्याला नाव कोणते द्यावे, हा प्रश्न दिसतो कारकुनी. पण त्यात माणसांचे पैसे अडकलेले असतात.

२०१८ साली रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून एक ऑपरेटर तीस वर्षे पुरी करून निवृत्त झाला. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याचे १५,६०० रुपये. ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा कायदा १९७२ चा. त्याचा हिशेब आमच्या ऑफिसातल्या पोरालाही पाठ होता: प्रत्येक वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना धरावयाचा सव्वीस दिवसांचा, कारण चार रविवार हे कामाचे दिवस नव्हेत. सव्वीसाचा हा मुद्दा १९८० साली सर्वोच्च न्यायालयात सुटला आणि १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिला गेला. म्हणजे १५,६०० भागिले २६, झाले ६००. गुणिले पंधरा, ९,०००. तीस वर्षांचे २ लाख ७० हजार. ऑपरेटरच्या हाती पडले २ लाख ३४ हजार. छत्तीस हजार रुपये कमी.

मॅनेजर माणूस बरा होता. तो म्हणाला, "यात आमचा हात नाही, संगणकाने काढलेला आकडा आहे." हे उत्तर आम्ही पूर्वी टाइमकीपरच्या तोंडून ऐकत असू, फक्त तेव्हा संगणकाच्या जागी 'हेड ऑफिस' असे. आम्ही म्हटले, संगणकाने काढला असेल तर संगणकालाच विचारू. पगाराची आज्ञावली सांभाळणारा तरुण आठवड्यातून दोन दिवस पेणहून येत असे. त्याच्या शेजारी आम्ही खुर्ची ओढून बसलो. त्याने एकेक पान उघडून दाखवले, आणि तासाभराने तोच म्हणाला, "काका, सापडले."

सापडले ते असे. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी त्या आज्ञावलीत एक लहान तुकडा लिहून ठेवला होता. त्याचे नाव, इंग्रजीत, 'डेली वेज', म्हणजे दिवसाचा पगार. तो लिहिला होता खाड्यांचे पैसे कापण्यासाठी, आणि त्यात महिन्याचा पगार तीसने भागलेला होता. खाडेकपातीसाठी हे त्या कारखान्याच्या रिवाजास धरूनच होते. पुढे ग्रॅच्युइटीचा हिशेब बसवण्याची वेळ आली तेव्हा दुसऱ्या कुणाला दिवसाच्या पगाराची गरज पडली. त्याने यादी पाहिली, नाव वाचले, आणि तुकडा उचलून आपल्या हिशेबात बसवला. आत काय आहे हे त्याने पाहिले नाही. त्याला दोष देण्यापूर्वी आपण जरा थांबले पाहिजे, कारण आत न पाहता वापरता यावे म्हणूनच तर असे तुकडे करतात.

या तुकड्याला धंद्यात मॉड्यूल म्हणतात. आज्ञावली म्हणजे संगणकाने एकामागून एक काय करावयाचे याची लांबच लांब यादी. त्या यादीतले जे काम वारंवार लागते ते वेगळे काढावे, त्याला नाव द्यावे आणि ज्याला लागेल त्याने नुसते नाव घेऊन ते करवून घ्यावे, ही युक्ती संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडात केंब्रिजला १९४९ साली एड्सॅक नावाचा संगणक चालू झाला, तेव्हा असे तुकडे छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर असत आणि त्या फिती कपाटात लावून ठेवीत. नाव म्हणजे एक अक्षर आणि एक आकडा. छापण्याचे काम करणारे सारे 'पी'च्या खाली, भागाकाराचे 'डी'च्या खाली. कपाट एक, वापरणारे थोडे आणि एकमेकांच्या ओळखीचे. तेव्हा एवढ्यावर भागत असे. अडले तर शेजारच्या खोलीत जाऊन विचारावे.

आम्ही फिटर होतो तेव्हा स्टोअरमध्ये अर्ध्या इंचाच्या नटांच्या दोन डब्या होत्या. एकीतले नट व्हिटवर्थ आट्याचे, इंचाला बारा आटे. १८४१ मध्ये व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने आट्यांचे जे माप बांधून दिले ते हे. दुसरीतले अमेरिकन मापाचे, इंचाला तेरा. दिसायला दोन्ही सारखे, आणि दोन्ही डब्यांवर चिठ्ठी एकच: अर्धा इंची नट. चिठ्ठी खोटी नव्हती, हेच तिचे वाईट. तेराचा नट बाराच्या बोल्टवर फेरा-दोन फेरे चढतो आणि मग अडतो. नवा पोरगा पान्याला पाइप लावून जोर करतो आणि आटे मरतात. तरी नट बरा म्हणावयाचा, तो अडून बोंब तरी मारतो. आज्ञावलीतला तुकडा अडत नाही. भागाकार तीसने होवो की सव्वीसने, उत्तर निमूटपणे येते, पैशांपर्यंत बिनचूक दिसते आणि पावतीवर छापले जाते.

'दिवसाचा पगार' हेही नाव खोटे नव्हते. पण दिवसाचा पगार असा एक नसतोच, हे कामगार चळवळीत पहिल्या वर्षी कळते. कपातीचा दिवस निराळा, ग्रॅच्युइटीचा निराळा. 'वेतन' या शब्दाची तर कायद्यानेच तऱ्हा करून ठेवली होती. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातले वेतन एक. १९४८ च्या राज्य विमा कायद्यातले दुसरे, त्यात ओव्हरटाइम धरीत. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यातले तिसरे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातले चौथे, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता धरावयाचा, घरभाडे आणि ओव्हरटाइम सोडावयाचा. एकाच माणसाच्या एकाच महिन्याची चार वेतने. अशा ठिकाणी ज्याने तुकड्याचे नाव नुसते 'वेतन' ठेवले त्याने पुढच्या माणसासाठी खड्डा खणून ठेवला, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

तेव्हा नाव कसे द्यावे? त्या पेणच्या तरुणाशी या गोष्टीवर आमचे बोलणे बरेच दिवस चालले. त्याच्याच गावचा दाखला आम्ही त्यास दिला. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत साचा हा असाच पुन्हा पुन्हा वापरावयाचा भाग आहे. कारखान्याच्या आत, चार माणसांत, साच्याला काहीही म्हणतात. कुणा तात्यांनी केला म्हणून तात्यांचा, कोपऱ्यात असतो म्हणून कोपऱ्यातला. त्याने काम अडत नाही, कारण सगळ्यांनी तो पाहिलेला असतो. पण मुंबईचा व्यापारी फोन करतो तेव्हा तो तात्यांना ओळखत नाही. तो म्हणतो, टिटवाळा, एक फुटी, इतके नग. टिटवाळा म्हटल्याबरोबर बैठक कोणती हे दोघांनाही कळते. आणि मुरलेला व्यापारी पुढे विचारतो, एक फूट म्हणजे पाटासकट की पाट सोडून? ज्या दिवशी साच्याचे काम कारखान्याबाहेरच्या माणसाशी पडते त्या दिवसापासून त्याचे नाव बाहेरच्या माणसाला कळेल असे पाहिजे. आमच्या मते सगळी गोम येथे आहे. मॉड्यूलचे नाव लिहिणाऱ्यासाठी नसते. ज्याने लिहिणाऱ्याला कधी पाहिले नाही आणि जो आत डोकावणार नाही, अशा परक्यासाठी ते असते.

या कसोटीवर धंद्यातली नेहमीची नावे लावून पाहिली तर पुष्कळशी गळून पडतात. 'सामान्य', 'इतर', 'मदतनीस', 'नवे', 'नवे-दोन' अशा अर्थाची इंग्रजी नावे त्या कारखान्याच्या यादीत आम्ही स्वतः पाहिली. 'इतर' या नावाच्या डबीत काय असते हे ज्याने कुठल्याही स्टोअरमध्ये काम केले आहे त्याला सांगावयास नको. 'नवे-दोन' हे नाव ज्या दिवशी ठेवले त्या दिवसापुरते खरे. नावात 'हाताळणारा' किंवा 'व्यवस्थापक' घालण्याचीही एक खोड आहे. पगार हाताळणारा म्हणजे तो मोजतो, कापतो, की वाटतो? काम काय ते सांगता येत नसेल तर बहुधा त्या तुकड्यात दोन-तीन कामे कोंबलेली असतात, आणि तेथे नाव शोधण्यापेक्षा तुकडे पाडणे बरे. चांगले नाव सुचत नाही ही कित्येकदा नावाची अडचण नसून कामाची असते. आमचे मागण्यांचे खलिते याला अपवाद नाहीत, हे कबूल करतो.

येथे एक बारीक मुद्दा आहे, आणि त्यावर आमचा व त्या तरुणाचा मतभेद झाला. चूक कळल्यावर तो उत्साहाने म्हणाला, आता नावातच सव्वीस घालतो, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. आम्हांस ते पटले नाही. सव्वीस हा आतला हिशेब झाला. उद्या कायद्याने पंचवीस केले तर नाव सव्वीस आणि काम पंचवीसचे, किंवा जेथे जेथे ते नाव लिहिले आहे तेथे तेथे बदलत बसावे लागेल. १९७२ साली डेव्हिड पार्नास नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. त्यात त्याने असे मांडले, की जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे ते मॉड्यूलच्या पोटात झाकून ठेवावेत, बाहेरच्याला त्यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. पोटात झाकावयाचे ते नावात उघडे करण्यात अर्थ नाही. कशासाठी आहे ते नावात यावे. कसे करतो ते आत राहावे.

यावर तो तरुण म्हणाला, "मग माप? तेही आतलेच का?" प्रश्न चोख होता. माप आतले नव्हे, कारण उत्तर बाहेर येते ते कुठल्यातरी मापात येते आणि घेणाऱ्याला ते माहीत असावे लागते. अमेरिकेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे एक यान सोडले. त्याचे बारीकसारीक धक्के मोजणारी एक आज्ञावली जमिनीवर होती, तिचे नाव 'स्मॉल फोर्सेस', लहान बले. तिची उत्तरे येत इंग्रजी पौंडाच्या मापात. घेणारे समजत ती न्यूटनच्या, म्हणजे मेट्रिक, मापात आहेत. दोहोंत साडेचारपटीच्या आसपास फरक. ठरलेले माप मेट्रिकच होते, ते पाळले गेले नाही, हे चौकशीत निघाले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या फार जवळ गेले आणि नाहीसे झाले. नावात माप असते तर यान वाचलेच असते असे आम्ही म्हणत नाही. पण आकडा हातात घेणाऱ्या कुणाला तरी एकदा थबकावयास झाले असते. गणपतीच्या साच्याला पाटासकट की पाट सोडून हे जसे नावात यावे लागते, तसेच रुपये की पैसे, दिवस की तास हेही यावे.

दुसरी अडचण निराळी आहे. नाव स्पष्ट असते, पण ते आधीच कुणी घेतलेले असते. धाटावच्या शेजारी रोठ नावाची गावे दोन आहेत, रोठ बुद्रुक आणि रोठ खुर्द, थोरले आणि धाकटे. आमच्या जिल्ह्याच्या सातबाऱ्यांवर गावाच्या नावापुढे 'तर्फे' अमुक असे जे लिहिलेले असते तेही याच गरजेतून: एकाच नावाची गावे अनेक, म्हणून जुन्या महसुली विभागाचे नाव जोडावयाचे. संगणकवाले हेच करतात. नावाच्या अलीकडे घराण्याचे नाव लावतात. पगार-तर्फे-दर निराळा, भांडार-तर्फे-दर निराळा. त्यांना ही युक्ती नवी वाटत असेल, आपल्या तलाठ्यांना नाही.

घराण्याचे नाव न लावल्याने काय होते याचे उदाहरण मार्च २०१६ चे आहे. एन.पी.एम. नावाचे मॉड्यूलांचे एक सार्वजनिक भांडार आहे, तेथून जगभरचे आज्ञावलीकार फुकट तुकडे उचलतात. अझर कोचुलू नावाच्या एका आज्ञावलीकाराने तेथे 'किक' नावाचे एक मॉड्यूल ठेवले होते. त्याच नावाची एक कंपनी होती. तिने नाव मागितले, तो देईना, भांडारवाल्यांनी ते कंपनीकडे वळवले. तो रागावला आणि त्याने आपली सगळी, अडीचशेहून अधिक मॉड्यूले भांडारातून काढून घेतली. त्यांत एक होते 'लेफ्ट-पॅड'. अवघ्या अकरा ओळी. काम एवढेच की शब्द आखूड असेल तर डावीकडे भर घालून तो ठरलेल्या लांबीचा करावयाचा. हजारो आज्ञावल्या त्या अकरा ओळींवर उभ्या होत्या आणि त्यांची बांधणी एका दुपारी कोलमडली. अखेर भांडारवाल्यांना ते मॉड्यूल स्वतःच परत ठेवावे लागले. हक्क कोणाचा, यावर बोलण्याचा मोह होतो, तो आवरतो. पाहण्याजोगे हे आहे, की भांडण झाले ते 'किक' या नावावरून, जे काम काय ते सांगत नाही आणि म्हणून कुणीही आपले म्हणावे. 'डावीकडे-भर' या नावावर हक्क सांगायला कोणती कंपनी येणार?

नाव एकदा बाहेर गेले की ते मागे घेणे किती कठीण, हेही यातून दिसते. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. मुंबईतही कुलाबा, अलिबागकडेही कुलाबा. रायगड केले हे उत्तम झाले. पण संघटनेच्या जुन्या कपाटात अजून कुलाबा जिल्ह्याचे कागद आहेत आणि ते वाचताना कुलाबा म्हणजे रायगड हे ठाऊक असावे लागते. म्हणून धाटावच्या त्या कारखान्यात जुने 'डेली वेज' हे नाव आम्ही खोडू दिले नाही. नवी दोन नावे ठेवली: एक 'खाडेकपातीचा दिवसदर, रुपयांत' आणि दुसरे 'ग्रॅच्युइटीचा दिवसदर, रुपयांत'. अक्षरे इंग्रजी, पण 'खाडे' हा शब्द आपलाच ठेवला. त्या तरुणाच्या आधीच्याने तेथे 'ॲडजस्टमेंट' घातले होते, त्याचा अर्थ हिशेबनीसालाही सांगता येत नव्हता. जुन्या नावाला काही महिने राहू दिले, मात्र जो कोणी ते घेईल त्याला 'कुठला दिवसदर हवा?' असा प्रश्न यावा अशी सोय केली. आणि जुने नाव नव्या अर्थाने पुन्हा कधी वापरावयाचे नाही, हे त्याच्याकडून वहीत लिहून घेतले.

तो प्रश्न पहिल्याच आठवड्यात तीन ठिकाणी आला. त्यामुळे मागचे निवृत्त झालेले लोक तपासावे लागले, आणि आणखी नऊ जणांचे पैसे कमी गेलेले निघाले. मॅनेजरने फरक दिला, कोर्टात जावे लागले नाही. नऊपैकी एक वारला होता. त्याची बायको पेण तालुक्यातल्या एका गावी राहत होती, तिच्याकडे आम्ही स्वतः दोनदा गेलो. चूक कोणी केली असे तिने विचारले. एका शब्दाने, असे आम्ही सांगितले. तिला ते पटलेले दिसले नाही, आणि आम्हांसही ते बोलताना थोडे ओशाळल्यासारखे झाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि वेतनाची व्याख्या सगळीकडे एक झाली. मूळ पगार, महागाई भत्ता आणि कामावर राखून ठेवण्याचा भत्ता हे वेतन. वगळावयाचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरावयाचा. म्हणजे तीस हजारांच्या मोबदल्यात मूळ व महागाई मिळून नऊ हजार आणि असे भत्ते एकवीस हजार असतील, तर पंधरा हजारांच्या वरचे सहा हजार परत आत येतात आणि वेतन पंधरा हजार होते. या संहितांत कामगारांचे काय गेले हा निराळा विषय आहे आणि त्यावर आम्ही अन्यत्र पुष्कळ बोललो आहो.

संहिता आल्यावर त्या तरुणाचा फोन आला. त्याच्याकडे दोन मॉड्यूले होती. एकाचे नाव 'ग्रॅच्युइटीचे वेतन'. त्याचे पोट त्याने एका संध्याकाळी बदलले आणि ज्यांनी ज्यांनी ते घेतले होते त्यांना नवा हिशेब आपोआप मिळाला. दुसऱ्याचे नाव 'मूळ अधिक महागाई', कुणीतरी आतला हिशेबच नाव म्हणून ठेवलेला, आणि ते पाच ठिकाणी वापरलेले. "काका, याचे नाव बदलू का पोट बदलू?" असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, "दोन्ही नको. ते जे म्हणते तेच करते आहे. पाच ठिकाणी जाऊन पाहा, कुणाला खरोखर मूळ अधिक महागाई हवी आहे आणि कुणाला वेतन हवे होते." तीन ठिकाणे त्याने आठवड्यात तपासली. उरलेल्या दोहोंसाठी आम्ही रविवारी रोह्याच्या ऑफिसात बसलो, सोबत कराराची जुनी फाइल घेऊन. कारण त्यांतले एक ठिकाण रजेच्या पगाराचे होते आणि तेथे काय ठरले होते, ते संगणकात नव्हते, करारातच होते.